पेटीतल्या बाळाजवळचे पहिले दिवस (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात आमच्या एनआयसीयूला, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला, नर्स म्हणून तीन नव्या मुली लागल्या. त्यातली एक एकविसाव्या दिवशी राजीनामा देऊन गेली. भांडण झालं नव्हतं, हातून चूकही झाली नव्हती. म्हणाली, "मॅडम, मी घरी झोपलेल्या भाचीचा श्वास मोजत बसते. मला नाही जमणार." मी इनचार्ज, म्हणजे समजूत काढणं माझं काम. पण तेव्हा मला जे काही सुचलं ते सगळं इंडक्शनच्या फाइलीतलं होतं.

म्हणून हा धागा. अशा विभागात ज्यांनी काम सुरू केलं, टिकले, सोडून गेले, त्या सगळ्यांनी आपापलं लिहा. पहिलं वर्ष, तेवढंच. पुस्तकातलं नको, ते मुलींना पाठ असतं. ज्यात तक्रार असेल तिथे हॉस्पिटलचं आणि माणसाचं नाव घालू नका.

सुरुवात मीच करते.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून २००८ मध्ये पुण्यात एका खासगी हॉस्पिटलात लागले. पहिले दोन आठवडे बाळाला हात लावू दिला नाही. वॉर्मर (बाळाला ऊब देणारं टेबल) पुसा, लिनन लावा, वजनकाटा झीरो करा आणि हात धुवा. बांगड्या, अंगठी, घड्याळ बाहेर, बाह्या कोपराच्या वर, आत शिरताना पूर्ण दोन मिनिटं. हात धुण्याच्या पायऱ्यांचं 'सुमन-के' तिथेच पाठ झालं : सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगुठा, नाखून, कलाई. महिन्याभरात बोटांच्या बेचक्यांना भेगा पडल्या. आई म्हणाली, "तिथे धुणीभांडी करतेस की काय?"

आमच्या सीनियर केरळच्या सिस्टर होत्या. वीस वर्षं पुण्यात काढलेली, 'ळ' आमच्यापेक्षा स्वच्छ. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला एक बाळ दिलं. एकतीस आठवड्यांचं, १,३४० ग्रॅम, तब्येतीने स्थिर. मी आपली मॉनिटरकडे बघत चार्ट भरायला लागले. त्या आल्या, मॉनिटरच्या स्क्रीनवर टॉवेल टाकला, अलार्म चालूच ठेवला आणि म्हणाल्या, "आता सांग बाळ कसं आहे."

मी म्हटलं, श्वास मिनिटाला ४८. "कसे मोजले?" पंधरा सेकंद मोजून चारने गुणले. "पुन्हा मोज. पूर्ण मिनिट." पूर्ण मिनिट मोजायला लागले तर मध्येच बाळ थांबलं. एक, दोन, तीन... सात सेकंद छाती हललीच नाही. माझा हात बाळाच्या तळव्याकडे गेला, टिचकी मारायला. सिस्टरांनी मनगट धरलं. आठव्या सेकंदाला बाळाने भराभर चार-पाच श्वास घेतले आणि पुन्हा आपलं चालू. कमी दिवसांची बाळं असाच श्वास घेतात, थांबत थांबत. वीस सेकंदांच्या वर थांबलं, किंवा त्याआधीच ठोके पडले, रंग बदलला, तर तो ॲपनिया. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण ते सात सेकंद केवढे लांब असतात ते त्या दिवशी कळलं.

त्यानंतर दोनेक वर्षं रोज पाच मिनिटं टॉवेल. आता मी नव्या मुलींना हेच करते आणि त्या मला मनातल्या मनात शिव्या देतात, हे मला माहीत आहे. जी मुलगी गेली तिला मी टॉवेल टाकून दाखवला होता, पण शेजारी उभी राहिले नव्हते. राउंड होता.

विदर्भातून, जिल्हा रुग्णालयाचं एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा सरकारी विभाग), नऊ वर्षं

ताई, तुमच्याकडे बाळाला हात लावायला दोन आठवडे थांबवलं. आमच्याकडे पहिल्याच दिवशी हातात चार बाळं दिली. सरकारी पद्धत : चार दिवसांचं ट्रेनिंग, मग मोठ्या केंद्रात दोन आठवडे बघायला पाठवतात. माझा नंबर लागेपर्यंत पाच महिने गेले, तोवर अर्धंअधिक मी आमच्या मावशींकडून शिकले. मावशी सातवी पास. पण बाहेरून आलेलं बाळ टेबलावर ठेवलं की त्या पोटाला आणि तळपायाला हात लावून सांगायच्या, "सिस्टर, पाय गार आहेत, पोट गरम आहे." म्हणजे बाळ गारठायला लागलंय, अजून वेळ आहे. दोन्ही गार असलं की त्या बोलायच्याच नाहीत, सरळ वॉर्मर फुल करायच्या. थर्मामीटर नंतर. तालुक्यावरून १०८ ने दीड तास प्रवास करून येणारी बाळं बहुतेक पाय गार झालेलीच यायची, हिवाळ्यात तर हमखास. तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये राखा असं भिंतीवर लिहिलेलं असतं. ते आणताना माझी पहिली डिसेंबरची नाईट संपली होती.

मुलींना एक सांगायचंय. नातेवाइकांशी बोलायला कोणी शिकवत नाही. आमच्याकडे येणारी प्रत्येक आजी विचारते, "सातव्यातलं की आठव्यातलं?" कारण सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं जगत नाही हे तिच्या डोक्यात पक्कं. मी सुरुवातीला हसायचे. मग बघितलं की आठव्यातलं म्हटल्यावर काही घरं डबा आणायची बंद होतात, आईला सांगतात, जीव लावू नको. तेव्हापासून मी आजीला हाताला धरून काचेशी नेते आणि सांगते, पोटात जेवढे दिवस जास्त तेवढं फुप्फुस पक्कं, तुमचं बाळ पलीकडच्या सातव्यातल्यापेक्षा दोनशे ग्रॅमने भारी आहे. दोनशे ग्रॅम आजीला लगेच समजतं.

पाचवीचं तर विचारूच नका. एका आजीने कोरा कागद आणि पेन्सिल आणली, गादीखाली ठेवा म्हणाली. रात्री सटवाई येणार, बाळाचं नशीब कशावर लिहिणार? बाहेरचं काही आत घेता येत नाही. मी नवी होते, नियम सांगून मोकळी होणार होते. मावशी म्हणाल्या, "आजी, इथं कागद-पेन चोवीस तास टांगलेलंच हाय. दर दोन तासाला लिवतेत." आजीने क्लिपबोर्डकडे बघितलं, लांबूनच नमस्कार केला आणि गेली. त्या रात्री मी टेम्परेचर लिहिताना अक्षर जरा बरं काढलं.

९ जानेवारी २०२१ बद्दल इथे लिहावं की नाही हा विचार केला. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत पहाटे आग लागली, दहा बाळं गेली, सात वाचवली. आम्ही तिथे नव्हतो, पण युनिट तसंच, वॉर्मर तसेच. त्या आठवड्यात आमच्यातली एकही नाईटला टेकली नाही. आजही ड्युटीवर आले की हँडओव्हरच्या आधी मी प्लगला हात लावून बघते, गरम आहे का. नव्या मुलींना वाटतं, ही वेडी आहे.

डिस्चार्ज झाल्यावर काय, हेही शिकून घ्या. घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. हे वेळापत्रक कुठून आलं ते मला गडचिरोलीच्या एका मैत्रिणीने सांगितलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिकडे गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि त्याच वाटेने पुढे देशभरातल्या आशांकडे हे काम आलं. मला अभिमान वाटला, उगीच नाही. मी डिस्चार्जच्या दिवशी आशाताईला फोन लावूनच देते.

शहर लिहीत नाही

सातवा आठवडा, रात्रीचे पावणेबारा. बाळ १,२०० ग्रॅम, जेंटामायसिन हे अँटिबायोटिक ६ मिलिग्रॅम द्यायचं. आमच्याकडे २ मिलीत ८० मिलिग्रॅमची व्हायल होती, म्हणजे मिलीला ४०. पद्धत अशी की १ मिली घ्यायचं, पाणी घालून १० मिली करायचं, म्हणजे मिलीला ४. त्यातलं दीड मिली म्हणजे ६ मिलिग्रॅम. हे मी चाळीस वेळा केलं असेल. 'दीड' हा आकडा डोक्यात बसला होता.

त्या रात्री बाराची इंजेक्शनं तीन बाळांची होती आणि बाहेर लेबर रूममधून जुळ्यांचा फोन आलेला. मी व्हायल उघडली आणि सरळ दीड मिली ओढलं. पातळ न करता. दीड मिली म्हणजे साठ मिलिग्रॅम. दहापट. जेंटामायसिनचा डोस चढला की मूत्रपिंडावर आणि कानावर जातो.

सिरिंज घेऊन बाळापाशी पोचले. आमच्याकडे दोघींनी बघून मगच द्यायचं असा नियम, पण रात्री तो कसा पाळतात ते सगळ्यांना माहीत आहे : लांबूनच "हो, दे" म्हणायचं. त्या दिवशी जोडीला होती ती माझ्याहून सहा महिन्यांनीच सीनियर. ती उठून आली. सिरिंज बघितली नाही, ट्रे बघितला. म्हणाली, "डायल्यूशनची दहाची सिरिंज कुठाय?"

मला आधी तिचा रागच आला, हे खरं लिहिते. मग ट्रेकडे बघितलं. दहाची सिरिंज नव्हतीच. पाय गार पडले.

सकाळी इनचार्जना सांगितलं, इन्सिडेंट फॉर्म मागितला. त्या म्हणाल्या, "बाळाला गेलं का? नाही ना? मग फॉर्म कशाला? तुझंच नाव लागेल." मी भरला नाही. आज मी जिथे आहे तिथे बाळाला न गेलेल्या चुकाही लिहून घेतात, आणि म्हणूनच कळलं की दहापटीची चूक एकट्या माझी नाही, प्रत्येक युनिटमध्ये कोणी ना कोणी केलेली आहे. तेव्हा मात्र मला वर्षभर वाटत राहिलं की जगात मीच एक.

माझी पद्धत आता अशी आहे : पातळ केलेल्या सिरिंजवर औषधाचं नाव आणि मिलीला किती मिलिग्रॅम ते आधी लिहायचं, मग ओढायचं. मोकळ्या सिरिंजमध्ये औषध भरायचंच नाही. आणि हिशेब तोंडाने म्हणायचा. शेजारची हसली तर हसू दे.

धागाकर्ती

हा अनुभव मी प्रिंट काढून युनिटमध्ये लावू का? नाव नाहीच आहे तसंही.

वरचीच

लावा.

मी नर्स नाही, आई आहे. चालेल का?

मुलगी २०१६ ची. तिसाव्या आठवड्यात झाली, १,१५० ग्रॅम. घरी सगळे म्हणायचे 'पेटीत ठेवलंय'. मला आत दहा मिनिटं सोडायचे. मी बोटाने तिचा दंड कुरवाळायला गेले तर मॉनिटर वाजायला लागला. मी घाबरून हात मागे घेतला आणि ठरवलं, आता हात लावायचाच नाही.

तिथे एक नवीन मुलगी होती, तिची बॅजची पिनसुद्धा नवी होती. ती म्हणाली, "ताई, कुरवाळू नका, तिला ते सोसत नाही अजून. हात नुसता ठेवा. एक डोक्यावर, एक पायांवर, आणि धरून ठेवा." ठेवला. मॉनिटर गप्प झाला. मी तशीच उभी राहिले, दहाची पंचवीस मिनिटं झाली, ती मुलगी घड्याळाकडे पाठ करून काहीतरी लिहीत बसली.

ती मला रोज वजन सांगायची. "आज दहा ग्रॅम वाढलं." दहा ग्रॅम म्हणजे किती हे मला कळेना, म्हणून मी वाण्याकडे काट्यावर शेंगदाणे टाकून बघितले. पंधरा-वीस दाणे. पुढे नवरा घरी आला की विचारायचा, "आज किती दाणे?"

तिच्याबद्दल एवढंच माहीत आहे की ती सातारकडची होती.

ब्रदर, नाशिक भाग

आमच्या बॅचचे बाकीचे पोरं आयसीयू, कॅज्युअल्टीला गेले. मला एनआयसीयू मिळालं तेव्हा मित्रांनी विचारलं, "पाळणाघरात का रे?" पहिले तीन महिने सिस्टरही मला सिलेंडर बदलायला, ट्रान्सपोर्टला, वजनदार कामांनाच हाक मारायच्या. बाळांच्या आया दूध काढायला बसल्या की मी आपोआप बाहेर. हे बरोबरच होतं, पण मग मला स्तनपानाचं काही येईना. शेवटी एका सीनियर सिस्टरने बाहुली आणि मोज्याचा स्तन करून मला शिकवलं, आणि मी ते बापांना शिकवायला लागलो : दूध येत नाही म्हणून बायकोला बोलू नका, दर दोन-तीन तासांनी काढत राहिलं की येतं, बाटली नको, वाटी-चमचा किंवा बोंडलं. सासवांचं माझ्याकडून ऐकून घेणं सिस्टरपेक्षा सोपं जातं. का ते देव जाणे.

मला कामात घेतलं गेलं ते शिरेमुळे. एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं साधारण ८० ते ९० मिली. कटिंगच्या ग्लासाएवढं. त्यातलं एक मिली तपासणीला गेलं तरी चार्टवर लिहायचं. आणि शीर केसाएवढी. जांभळी २६ नंबरची सुई घेऊन मी पहिल्या पंधरा दिवसांत एकही लावू शकलो नाही. मग लक्षात आलं की मी सुईकडे बघत होतो. शीर आधी बघायची, हाताखाली गरम करायची, बाळाला गुंडाळायचं, तोंडात आईच्या दुधाचे दोन थेंब. एवढं केलं की बाळ हात ओढत नाही. दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा आपण नाही, दुसऱ्याला बोलवायचं. पुरुष म्हणून हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.

कांगारूबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाच्या एका सरकारी इस्पितळात पेट्या पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. तिथून सुरुवात. आपल्याकडे मात्र बरीच वर्षं 'आधी बाळ स्थिर होऊ दे, मग कांगारू' असंच चाललं. २०२१ मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या इस्पितळांचा अभ्यास आला. एक किलो ते १,७९९ ग्रॅमच्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी ठेवलं तर मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. आमच्या सरांनी तो कागद पँट्रीच्या दारावर चिकटवला.

बायको सिझरने अजून वरच्या मजल्यावर, म्हणून एका बापाला मी बसवलं. मार्केट यार्डात पोती उचलणारा माणूस. शर्ट काढायला तयार नाही. "साहेब, अंगाला कांद्याचा वास आहे." आंघोळ करून ये म्हटलं. आला, डोक्याला तेल लावून, भांग पाडून. बाळ छातीवर ठेवलं, वरून कापड बांधलं, आणि तो माणूस दोन तास हलला नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. (एनआयसीयूत माशी होती हे कबूल करतो. त्या दिवशी त्यावरूनही ओरडा खाल्ला.)

मी सोडलं. पाचव्या महिन्यात

सगळे टिकलेले लिहितायत म्हणून मी लिहिते. मोठ्या शहरातलं खासगी हॉस्पिटल. जॉइन होताना दोन वर्षांचा बाँड आणि मूळ सर्टिफिकेटं ऑफिसात जमा. बारा तासांची नाईट, नऊ बाळं, आम्ही दोघी, त्यात दोन व्हेंटिलेटर. एक फीड देऊन होईपर्यंत दुसऱ्याची वेळ. लघवीला जायचं तर जोडीदारणीला नऊ बाळं सांगून जायचं. हॉस्टेलच्या खाली कोणी गाडी रिव्हर्स घेतली की ती पीं पीं ऐकून मी गादीवरून उठून उभी राहायचे.

मला बाळांची भीती कधीच वाटली नाही. हात चांगला होता, असं सगळे म्हणायचे. मला भीती वाटायची ती हँडओव्हरची, की मी दमल्यामुळे काहीतरी सांगायचं राहील. मी निघाले तेव्हा बाँडचे पैसे भरायला वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढलं. आता डायलिसिसमध्ये आहे, काम आवडतं.

नव्या मुलींना : मूळ कागद कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. इंटरव्ह्यूत पगाराच्या आधी विचारा, रात्री किती बाळांना किती स्टाफ.

धागाकर्ती

वरचं वाचून दोन मिनिटं काही लिहिता आलं नाही. आमच्याकडे कागद ठेवून घेत नाहीत. पण रात्रीच्या आकड्याबद्दल मला छातीठोकपणे बोलता येणार नाही.

मुंबई, महापालिकेचं रुग्णालय

घाईत लिहितेय. आमच्याकडे सुरुवातीला कोणीतरी मला दूध गरम करायला पाठवलं तेव्हा मला शिक्षा वाटली होती. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दूध पेढी सुरू केली, हे आम्हाला वर्गात एका ओळीत सांगितलं होतं. पेढीत प्रत्यक्ष उभं राहिलं की त्या ओळीत काय काय आहे ते दिसतं. एक बाई, जिचं स्वतःचं बाळ धष्टपुष्ट, ती दुसऱ्याच्या बाळासाठी दूध देतेय. ते ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, झटकन गार करायचं, कल्चरला (जंतू तपासायला) पाठवायचं, उणे वीसला गोठवायचं, लेबल, नोंद. आणि मग ते दर दोन तासांनी दीड मिली, दीड मिली असं नळीने एखाद्या ९०० ग्रॅमच्या बाळाच्या पोटात जातं. एकदा माझ्या हातून तीस मिलीची बाटली सांडली. कोणी ओरडलं नाही. सीनियर नुसती म्हणाली, "वीस फीड."

कोल्हापूरची, सध्या एसेक्स (इंग्लंड)

भारतात सात वर्षं एनआयसीयू करून इकडे आले आणि पुन्हा नवशिकी झाले. आधी ओईटी (इंग्रजीची परीक्षा), मग कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग ओएस्सीई (प्रात्यक्षिक परीक्षा). हुद्दा बँड ५, नोंदणी झालेल्या नर्सचा सगळ्यात खालचा. मला कॅन्युला (शिरेतली नळी) लावता येते, पण इथलं ट्रेनिंग सही होईपर्यंत लावायची नाही. पहिल्या महिन्यात मला एकच बाळ दिलं आणि मी विचारलं, "बाकीची कोणाकडे?" इथे अतिदक्षतेतल्या बाळाला एक नर्स, एचडीयूत (जरा कमी गंभीर बाळांचा विभाग) दोनांना एक, त्याखाली चारांना एक, असं प्रमाण धरतात. नेहमी जमतं असं नाही, कमी पडलं की इथेही धावपळ होते. पण कमी पडलं हे लिहून ठेवतात. एकाच बाळापाशी बारा तास बसायचं म्हणजे मला आधी चोरी केल्यासारखं वाटायचं.

आईबाप चोवीस तास येतात. राउंडला उभे राहतात, प्रश्न विचारतात. सुरुवातीला मला ते माझ्यावर पाळत ठेवल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर अजूनही कधीकधी वाटतं.

एक गोष्ट मात्र इथल्या मातीतली, ती सांगितलीच पाहिजे. याच काउंटीत रॉचफर्ड म्हणून गाव आहे. तिथल्या इस्पितळात १९५६ मध्ये वॉर्ड नावाच्या एक सिस्टर होत्या. त्या उन्हाच्या दिवशी कमी दिवसांच्या बाळांना बाहेर बागेत न्यायच्या, डॉक्टरांना न विचारता म्हणे. एकदा त्यांनी डॉक्टरांना दाखवलं की बाळाचं अंग फिकं झालंय, फक्त चादरीचा कोपरा होता तेवढाच तिकोनी तुकडा पिवळा राहिलाय. त्यावरून पुढे १९५८ मध्ये डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं आणि फोटोथेरपी, म्हणजे काविळीवरचा उजेडाचा उपचार, आली. आपण ज्याला 'लाइटखाली ठेवलंय' म्हणतो ते एका सिस्टरच्या नजरेतून आलंय. माझी आजी बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसायची, ते आठवलं. (म्हणून काविळीच्या बाळाला घरी उन्हात ठेवून वाट बघू नका. रक्तातल्या काविळीचा आकडा वाढला तर मेंदूवर जातं, आणि आकडा उन्हात दिसत नाही.)

नाव नको, गाव नको

पहिलं गेलेलं बाळ. सव्वीस आठवडे, ७२० ग्रॅम, चार दिवस. पहाटे चार दहा.

कसं करायचं हे माझ्या सीनियरने शब्दही न बोलता दाखवलं. चिकटपट्ट्या ओढून काढायच्या नाहीत, ओल्या कापसाने भिजवून सोडवायच्या, कातडी अजून कातडीसारखी झालेली नसते. नळी, सुया, प्रोब. पुसून घेतलं. टोपी. आईला व्हीलचेअरवरून आणलं. तिने मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "गार लागतंय त्याला." सीनियरने काही न समजावता वॉर्मर चालू केला आणि दुपटं त्याखाली धरून गरम करून दिलं.

सकाळी सुटून मी स्टॉपवर गेले आणि दोन वडापाव खाल्ले. भूक लागली होती. त्याची लाज मला बाळ गेल्यापेक्षा जास्त दिवस पुरली. कोणाशी बोलले नव्हते, आज लिहिलं.

विदर्भ

मी पोहे खाल्ले होते. दोन प्लेट.

जीएनएम तिसरं वर्ष

सगळं वाचलं. माझं प्रश्न विचारणं बरोबर आहे का माहीत नाही, पण पुढच्या महिन्यात एनआयसीयूत पोस्टिंग आहे आणि मला पुढे हेच करायचंय. बीएस्सी नाही तर घेतात का? आणि पहिल्या दिवशी काय घेऊन जाऊ?

ब्रदर, नाशिक भाग

घेतात. जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी चार. पगारात, पुढच्या बढतीत फरक पडतो, बाळाला पडत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पाहिजेच. नंतर नवजात परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, तो वर्ष-दोन वर्षं काम केल्यावर कर, आधी नको. आणि नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाचं एनआरपी ट्रेनिंग मिळालं तर कधीही सोडू नकोस. जन्मल्यावर पहिल्या मिनिटात श्वास सुरू व्हायला हवा, त्या मिनिटात पुस्तक उघडायला वेळ नसतो.

धागाकर्ती

अगं, प्रश्न बरोबरच आहे. नखं कापून ये, मेंदी-नेलपॉलिश नको. घड्याळ, अंगठी घरी ठेव, म्हणजे लॉकरची चिंता नाही. परफ्यूम नको, बाळांना आणि मला दोघांनाही चालत नाही. एक छोटी वही आण, खिशात मावेल अशी, आणि पेन दोन, कारण एक डॉक्टर नेतात आणि परत देत नाहीत. बेरीज-वजाबाकी मोबाइलवर नको, मोबाइल आत नाहीच. पाढे येतात ना? दशांश चिन्ह कुठे सरकतं ते रोज दहा हिशेब करून बघ.

दुपारची शिफ्ट असेल तर जेवून ये. पहिल्या आठवड्यात मध्ये सोडतीलच असं नाही, आणि पँट्रीतली बिस्किटं तीन वाजेपर्यंत संपलेली असतात.